तान्ह्या पोळ्यातलं मोडकं शिंग

प्रमिलाबाईंना प्रशिक्षणाला पाठवलं ते काही त्यांच्या गुणांमुळे नाही. पवनारला शिक्षकांचं शिबिर होतं, विषय ‘शिक्षेऐवजी समेट’, आणि तेही ऐन पोळ्याच्या सुट्टीत. सणासुदीला घर सोडून असला विषय ऐकायला शाळेतला एकही मास्तर तयार होईना. तेव्हा मुख्याध्यापक सदाशिवराव म्हणाले, “बाईंना पाठवा. त्यांच्या छडीला तेवढाच आराम.” सगळे खी खी करून हसले. बाईंनी पिशवी भरली आणि त्या गेल्या.

गेल्या त्या पेटूनच परतल्या. शिबिरात शिकवलं ते म्हटलं तर साधंच होतं. पोरानं काही मोडलं, कोणाला मारलं, तर छडी उचलायच्या आधी सगळ्यांनी गोल करून बसायचं. ज्याला लागलं त्यानं बोलायचं, ज्यानं केलं त्यानंही बोलायचं, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. मग ज्याची चूक, त्यानंच सांगायचं की झालेलं मी कसं भरून काढीन. बाईंना हे मनापासून पटलं होतं, आणि बाईंना एखादी गोष्ट पटली की बाकीच्यांची धडगत नसे.

इकडे शाळेत भलतंच शिजत होतं. पाचवीतल्या समीक्षाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचं ठरलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून शाळेच्या मैदानात तोरणाखाली रांगेनं उभे करतात. मोतीलालशेठ म्हणजे गावातले मोठे किराणा व्यापारी, शिवाय शाळेच्या संस्थेवर. त्यांच्या स्वप्निलचा बैल कमरेइतका उंच, चाकांचा, शिंगांना चकचकीत बेगड. पहिला नंबर त्यालाच मिळाला. टाळ्या वाजत असतानाच समीक्षानं आपला वीतभर बैल उचलला आणि स्वप्निलच्या बैलावर हाणला. शिंग मोडून पडलं. शेठ गरजले, “ही पोट्टी उद्यापासून शाळेत दिसली नाई पाह्यजे!” सदाशिवरावांना तेवढं पुरे होतं.

दाखल्यावर वर्गशिक्षकाची सही लागते, आणि पाचवीच्या वर्गशिक्षिका प्रमिलाबाई.

“सही करा, बाई,” सदाशिवरावांनी कागद पुढे सरकवला.

“आधी गोल,” बाई म्हणाल्या. “शनिवारी सगळ्या मास्तरांना प्रशिक्षण द्यायचंच आहे मले. या पोरीवरच देईन.”

“शिबिरातले खेळ शिबिरात ठेवा.”

“मंग सहीबी शिबिरातच राह्यली समजा.”

शेठ वर्ध्याला गेले होते, त्यांना परत यायला शनिवारच उजाडणार होता. म्हणून सदाशिवरावांनी दात-ओठ खाऊन कागद खणात ठेवला.

शनिवारी सभागृहात सतरंजी पसरली. शिपाई नत्थूनं सवयीनं मुख्याध्यापकांची खुर्ची आणून गोलात ठेवली. बाईंनी ती उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली. सदाशिवराव पँट सावरत खाली टेकले. समोर मास्तर मंडळी, एका बाजूला मोतीलालशेठ आणि स्वप्निल, दुसऱ्या बाजूला समीक्षा आणि तिचे वडील बबनराव. बबनराव शेतकरी माणूस, माफी मागायची तयारी करूनच आले होते. बसल्या बसल्या त्यांनी हात जोडले. बाईंनी ते खाली घ्यायला लावले.

शेठनं सुरुवात केली, तर बाई म्हणाल्या, “शेठजी, बारी पोराची आहे.”

स्वप्निल कसाबसा बोलला. “आजोबानं सागवानाचा करून देलता. शिंग तुटलं तं मी दिवसभर जेवलो नाई.”

“आता तू सांग, समीक्षा. काय झालं?”

पोरीनं मान वर केली नाही. “मी सगळ्यात पहिले आलती, बाई. तोरणाखाली पहिली उभी होती. मंग सर आले. म्हणे तुहा बैल लहान आहे, फोटोत बरा नाई दिसत, घरी जाय. अन् माह्या जागी त्याले उभं केलं.”

“साफ खोटं!” सदाशिवराव ओरडले.

“नाई सर,” स्वप्निल पटकन म्हणाला. “तुम्हीच मले म्हटलं, इथं उभा राह्य.” शेठनं डोळे वटारले, पण पोराचं बोलून झालं होतं.

मास्तर मंडळींना एकाएकी सतरंजीच्या रेघा फार आवडायला लागल्या. त्या दिवशी मैदानात सगळेच हजर होते. सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नव्हता. बाईंना त्यांची किळस आली.

“तू काय भरपाई करशीन?” त्यांनी समीक्षाला विचारलं.

“मी अन् बाबा नवं शिंग लावून देऊ. मी मारायले नाई पाह्यजे होतं.”

स्वप्निलनं मान डोलावली. पोरांचं भांडण तिथंच मिटलं.

“आता सरांची बारी,” बाई म्हणाल्या.

सदाशिवराव ताडकन उठले. “हे प्रशिक्षण आहे का माझी चौकशी? शिंग तिनं मोडलं, विषय संपला. आणि बाई, नोकरी जड झाली असेल तर तसं सांगा. आजच संस्थेला कळवतो!”

“कळवा,” बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “लिहायले कागद पाह्यजे तं मी देईन. पण या पोरीच्या दाखल्यावर माही सही नाई भेटणार. आज नाई, उद्या नाई, माही बदली केली तरी नाई.”

सदाशिवरावांनी आधारासाठी शेठकडे पाहिलं. शेठ आपल्या पोराकडे बघत होते. मास्तरांपैकी कोणी उठलं नाही.

तेवढ्यात समीक्षानं पहिल्यांदा मान वर केली.

“सर, तान्हा पोळा तं लहान पोरायचा असते ना? मंग मले काऊन काढलं?”

बबनरावांनी घाबरून तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि सरांकडे बघत राहिली. सदाशिवराव दारापर्यंत गेले, तिथून परत फिरले आणि सतरंजीवर बसले. आजवर त्यांनी पोरांना फक्त प्रश्न विचारले होते. आज पाचवीतल्या पोरीला उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं.