ओटी भरलेला समुद्रघोडा

मित्रांनो, मी डहाणूच्या किनाऱ्यावरचा एक जुना समुद्रघोडा आहे आणि आजवर सात वेळा बाळंत झालो आहे. हसू नका. आमच्यात अंडी बायको घालते, पण नवऱ्याच्या पोटावरच्या पिशवीत. पुढचे तीनेक आठवडे ओझं वाहायचं ते नवऱ्याने. बायको रोज सकाळी येते, माझ्याबरोबर दोन गिरक्या घेते आणि फिरायला निघून जाते. माझी काही तक्रार नाही. थोडीशी आहे.

सातव्या खेपेला दिवस भरत आले होते आणि जवळा खायचे डोहाळे लागले होते. जवळ्याच्या मागे गेलो आणि जवळ्यासकट जाळ्यात सापडलो. आमची जात घाबरली की शेपटीने हाताशी येईल ते धरते. मी जाळ्याचीच दोरी घट्ट धरली. यापेक्षा मोठा मूर्खपणा मी आयुष्यात केलेला नाही.

किनाऱ्यावर धाकलीमावशी आणि तिची सून भाविनी जवळा निवडत होत्या. भाविनीला सातवा महिना होता. तिने मला उचललं, माझं पोट हलताना पाहिलं आणि खाऱ्या पाण्याच्या बादलीत सोडलं.

"आई, ही पोटुशी हाय."

"सुकवून टाकू," तिचा नवरा जिग्नेश म्हणाला. "घरात शोभेला टांगू."

माझ्या पोटात दीडशे पोरं होती.

"पोटुशी आपल्या दारातून रिकामी जात नाय," धाकलीमावशी म्हणाली. भाविनीची ओटी कालच भरली होती, त्यामुळे सगळं तयारच होतं. मावशीने बादलीत तांदळाचे पाच दाणे टाकले, कुंकवाची चिमूट सोडली. नारळ मावेना म्हणून तो नुसता दाखवला. कुंकू माझ्या डोळ्यांत गेलं, पण इतकं कौतुक मला कधीच मिळालं नव्हतं. बायकोकडूनही नाही.

तेवढ्यात भाविनीने मोबाइलमध्ये पाहिलं. "आई, यांच्यात नर पोटुशी राहतो."

"नर हाय?" जिग्नेश खूश झाला. "मग कसली ओटी? दे इकडं." त्याने बादलीत हात घातला.

मी घाबरलो आणि शेपटीने त्याचंच बोट धरलं. त्याच क्षणी कळा सुरू झाल्या. जिऱ्याएवढं एकेक पोर बाहेर पडू लागलं. जिग्नेश जागच्या जागी थिजला.

"हात काढ ना," भाविनी म्हणाली.

"त्यानेच धरलाय," तो हळूच म्हणाला.

"ओटी भरली ती भरली," मावशीने निकाल दिला. "आता नर का असेना. जा, सोडून ये. हात हलवू नको, बाळंतपण चाललंय."

एका हाताने बादली धरून आणि दुसरा तिच्यात बुडवून तो कंबरभर पाण्यात आला. वाटेत त्याने मला विचारलं, "लय दुखतं काय रे?" सात बाळंतपणांत हे विचारणारा तो पहिलाच.

बादली पाण्यात कलली, पोरं चहूकडे पांगली. मी त्याचं बोट सोडलं आणि जाता जाता मागे वळून पाहिलं. भाविनी जवळ्याची भरली पाटी उचलायला वाकली होती. ओल्या कपड्यांनी धावत जाऊन जिग्नेशने ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"तू कधीपासून पाट्या वाहतोस रे?" शेजारच्या वेणूने विचारलं.

"आजपासून," तो म्हणाला.

मित्रांनो, जाळ्यात एखादं पोट हलताना दिसलं, तर ते नराचं की मादीचं हे नंतर बघा. आधी पाण्यात सोडा. नारळ नसला तरी चालेल.