आत्याच्या नावाची जागा

माघाचे कोवळे ऊन कड्यावरून उतरत होते. हरिश्चंद्राच्या रांगा आधी निळ्या, मग जांभळ्या, मग पिवळ्या होत होत्या. दवभिजली पायवाट, दवभिजल्या करवंदीच्या जाळ्या, आणि त्या वाटेवर धापा टाकणारे प्राध्यापक गद्रे: जर्मनीत शिकलेले, बुटांत खडे गेलेले. पुढे उज्ज्वला पोपेरे चालत होती. ताठ चालत होती.

तत्त्वज्ञानातला तिचा प्रबंध गद्र्यांच्याच एका शेऱ्यापाशी अडला होता. तिसऱ्या प्रकरणात पाश्चात्त्य तत्त्वज्ञांच्या पंक्तीला तिने आपल्या आत्याला, अक्षरशत्रू ठकूबाई बांडेला, बसवले होते. ‘या माहितीदात्या बाईंचे नाव परिशिष्टात हलवावे, मगच पदवी.’ सुवाच्य शेरा, शांत शेरा, निर्दय शेरा.

“नाव हलणार नाही, सर,” उज्ज्वला म्हणाली होती. “पदवी राहिली तरी चालेल. आधी तिला भेटा. ती हिरड्याविषयी हिरड्याच्या झाडासमोरच बोलते.”

हिरड्याच्या बुंध्याशी ठकूबाई बसली होती. हिरवे लुगडे, गोंदलेले कपाळ, कुणाची भीड नसलेले डोळे. गद्र्यांनी वही उघडली.

“बाई, ज्ञान म्हणजे काय?”

“आधी याला रामराम करा,” तिने झाड दाखवले. “ज्याचं बोलायचं, त्याच्या तोंडावर बोलावं. पाठीमागं बोललं तर ती चहाडी. तुम्ही खोलीत बसून डोंगराचं बोलता, तवा डोंगर असतो का तिथं?”

गद्रे हसले, आणि हसता हसता थांबले. चाळीस वर्षे बंद खिडक्यांआड जगाविषयी बोललेला तो माणूस; त्याला हे लागले. पण तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

“मग मेलेल्यांचं काय? उद्या जन्मणाऱ्यांचं काय? ते समोर नसतात, तरी त्यांच्याविषयी बोलावं लागतंच.”

ठकूबाईने मान वर करून झाडाकडे पाहिले. वारा आला, वारा गेला.

“बोलावं,” ती म्हणाली. “पन असं, की ते आलं तर तोंड लपवाया लागू नये.”

“मेलेले येत नाहीत, बाई.”

“कोन म्हनलं?”

दुपार झाली. शब्दाला शब्द भिडत राहिला, कुणीच हटेना. अखेर गद्र्यांनी पिशवीतून प्रबंध काढला, जुना शेरा खोडला आणि त्याखाली लिहिले: ‘ठकूबाई बांडे यांचे मत मला मान्य नाही. माझे आक्षेप पुढीलप्रमाणे.’

उज्ज्वलाने वाचले, आणि तिचे डोळे घळघळा वाहू लागले. परिशिष्टातल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही. माहितीदात्याचे म्हणणे नुसते टिपून घेतात. आक्षेप घेतात ते तत्त्वज्ञावर.

“काय गं, काय लिवलं?”

“तुझं पटलं नाही म्हणतात, आत्या.”

गद्रे निघायला उठले होते. ठकूबाईने पदर खोचला, मांडी घट्ट घातली. “मंग उठता कुठं? बसा, मास्तर. अजून माझं झालं न्हाई.”

गद्रे बसले. धुळीत बसले, पाचोळ्यात बसले. आणि विरळ पानांतून माघाचे ऊन त्या दोघांच्या मांडीवर उतरले, सोनेरी, सोनेरी, सारखेच.