टोकलं की थांबते

ताईला टिंबचं काहीच ऐकू येत नव्हतं आणि टिंबला ताईचं सगळं ऐकू येत होतं. रुसवा असता तर चार दिवसांत मिटला असता. हा रुसवा नव्हता.

रोज सकाळी टिंब स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशी बसायची. टेबलावर इस्त्री कधीच नसायची, तिथे तिचा हौशी रेडिओचा सेट होता. हेडफोन चढवले की बरोब्बर सातला समुद्रापलीकडून ताईच्या हातचे मोर्सचे ठोके यायचे, बारीक पण स्वच्छ: टिंब, टिंब, मी ताई. टिंब खटक्यावर बोटं ठेवून उत्तर द्यायची, आहे गं, इथेच आहे. पलीकडे ताई वाट बघायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, टिंब, टिंब, मी ताई. पंधरा मिनिटांनी 'बरं, उद्या' एवढं म्हणून बंद.

ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. तारघरात नोकरीला लागली तेव्हा तिने घरी येऊन धाकटीला मोर्स शिकवलं होतं, ताटलीवर चमचा वाजवून. आईने ताटली काढून घेतली तेव्हा भिंतीवर. मोर्समध्ये दोनच खुणा, टिंब आणि रेघ; धाकटी अंगाने एवढीशी, म्हणून तिचं नाव टिंब पडलं. लांबलचक ताईला रेघ म्हणायला हवं होतं, पण तेवढी टिंबची छाती कधी झाली नाही. पुढे टिंबही तारघरात लागली, आणि तारघरातलं मोर्स बंद पडल्यावर खात्याच्या सुट्या भागांच्या कोठारात गेली. ताई त्याआधीच नवऱ्याबरोबर समुद्रापलीकडे गेली होती. दोघींनी रेडिओचे परवाने काढले आणि तीस वर्षं रोज सकाळी गप्पा मारल्या.

बहिणींच्या असतात तशाच गप्पा. एक बोलत असताना दुसरीने तोंड घालायचं. टिंबच्या सेटला स्वतःच्या दोन ठोक्यांच्या फटीतूनही पलीकडचं ऐकू यायचं. त्या फटीत ताई एकच ठोका टाकायची, टक्, म्हणजे थांब, आता मी बोलणार. की टिंब अर्ध्या शब्दावर थांबायची. टोकलं की थांबायचं हे तिच्या अंगात ताटली-चमच्यापासून मुरलेलं.

दोन वर्षांपूर्वी ताईचं विसरणं सुरू झालं. भाच्याने फोन कानाला लावून दिला तर ती नम्रपणे म्हणायची, "चुकीचा नंबर लागलाय हो." व्हिडिओवर टिंबला बघून भाच्याला विचारलं, "गोड बाई आहे. कोणाची कोण?" पण सात वाजले की ताई आपणहून सेटपुढे जाऊन बसायची आणि तिथे तिला टिंब पक्की ठाऊक होती. टिंबचे गुडघे, टिंबच्या नवऱ्याचं घोरणं, सगळं. टिंबला वाटायचं, डोक्यातून गेलं ते जाऊ दे, बोटांत आहे तेवढं मला पुरे.

मग ताईच्या शेजारच्या इमारतीवर सौर विजेच्या पाट्या बसल्या. त्यांच्या यंत्राची घरघर ताईच्या सेटमध्ये घुसली आणि टिंबचे ठोके तिच्याखाली बुडाले. भाचा शेजाऱ्यांकडे जाऊन आला, दोन पत्रं लिहून झाली.

"मावशी, इथे कोणी दाद देत नाही," तो फोनवर म्हणाला. "तुझाच जोर वाढवावा लागेल. दहापट तरी."

म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर.

जिन्याखालच्या दुकानात जुने सेट दुरुस्त करणारा एक गृहस्थ होता, त्याला सगळे वाल्व्हवाला म्हणत. त्याच्याकडे दोन अ‍ॅम्प्लिफायर होते. एक नवा, बुटांच्या खोक्याएवढा, मुका, देखणा, आणि किंमत टिंबच्या गुडघ्याच्या ऑपरेशनएवढी. दुसरा वापरलेला, काचेच्या वाल्व्हचा, लोखंडी ट्रंकेएवढा, तिसऱ्या हिश्श्यात मिळणारा, वर दोन जादा वाल्व्ह कापसात गुंडाळून.

"नवा बिघडला तर?" टिंबने विचारलं.

"आतला ट्रान्झिस्टर गेला तर अख्खा सर्किटबोर्ड बदलावा लागतो. तो कंपनीकडून येतो. कंपनी आणखी दोन वर्षांनी हे मॉडेल बंद करणार म्हणतात."

"आणि जुना?"

"जुना बिघडतोच. पण मी आहे, पक्कड आहे."

टिंबने वीस वर्षं कोठारात काढली होती. ज्याचा सुटा भाग मिळत नाही ते यंत्र आत घ्यायचं नाही, या एका नियमावर तिने तीन साहेबांशी भांडण केलं होतं आणि तिन्ही वेळा तीच खरी ठरली होती. तिने वही काढली. किंमत, भरवसा, सुटे भाग, असे रकाने आखले आणि चौकशीला लागली. ओळखीच्या-अनोळखी हौशी मंडळींना विचारलं. कुणाचा नवा तीन वर्षांत जळला होता, कुणाचा जुना तीस वर्षं चालला होता, एकाने तर स्वयंपाकघरातल्या पातेल्यात स्वतः बांधला होता आणि बायको माहेरी गेली होती.

नवरा बसचालक म्हणून निवृत्त झालेला. "क्लच प्लेट मिळत नाही ती गाडी दारात आणू नये," तो म्हणाला. "पण अगं, आण कुठलातरी एक. तिकडे ती रोज हाका मारतेय."

"घाईत घेऊन सहा महिन्यांत बंद पडला तर? वीस वर्षं तरी चालायला हवा."

"वीस वर्षांनी तू शहाऐंशीची होशील, आणि ताई..."

त्याने ब्रेक लावला, पण गाडी पुढे निघून गेली होती. टिंबने वहीत आणखी एक ओळ लिहिली.

असे पाच आठवडे गेले. पाचव्या आठवड्यात एका सकाळी ठोके आले, टिंब, टिंब, मी. आणि पुढे काहीच नाही. टिंब हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसली. बऱ्याच वेळाने पुन्हा, मी. ताई स्वतःचं नाव शोधत होती.

त्याच दिवशी टिंबने वाल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला.

"एक सांगून ठेवतो," पेटीवरची धूळ पुसत वाल्व्हवाला म्हणाला. "ही बाई बोलत असली की ऐकत नाही. आतला बोलणं-ऐकणं पालटणारा रिले जुना आहे, सावकाश उलटतो. तुमचं बोलणं पुरतं संपलं की मग कान उघडणार."

"तसा एक माझ्या घरी आहे," टिंब म्हणाली.

"मी निदान हलका आहे," पेटी उचलायला वाकलेला नवरा म्हणाला, आणि तिघंही हसले.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला तिने पेटी सुरू केली. वाल्व्ह तापायला तीन मिनिटं लागत. घरातले दिवे मंदावले. "भट्टी आणलीस," नवरा म्हणाला, पण चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला.

सात वाजले. टिंब, टिंब, मी ताई. आज नाव सापडलं होतं.

टिंबने पाठवलं, ताई, मी टिंब, ऐकू येतंय का?

आत रिले उलटला. मग धडाधड: येतंय! जोरात येतंय! कुठे होतीस गं?

टिंबने नवऱ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि खटक्यावर तुटून पडली. पाच आठवड्यांचं साचलेलं. मी होते, रोज होते, तुझं सगळं ऐकत होते, तुझ्या शेजारच्यांच्या पाट्या, माझे गुडघे, यांचा दात काढला, तू काल नाव विसरलीस तेव्हा माझा जीव वर-खाली. थांबली तेव्हा बोट दुखत होतं. रिले आत खट्कन उलटला, कान उघडले, आणि ताईचं वाक्य अर्ध्यातून ऐकू आलं.

...म्हणतेय मघापासून. थांबा म्हणतेय. तुम्ही थांबत का नाही?

तुम्ही.

टिंबने पाठवलं, ताई, मी टिंब.

नाही, ताई म्हणाली. टिंब टोकलं की थांबते. तुम्ही कोण?

टिंब हाताकडे बघत राहिली. ते फटीतून ऐकणं तिने वहीत कुठल्याच रकान्यात घातलं नव्हतं. तीस वर्षं तो सेटचा गुण आहे असं तिला वाटलंच नव्हतं. तो तिचा आणि ताईचा स्वभाव आहे असंच ती धरून चालली होती.

त्या आठवड्यात तिने सगळं करून पाहिलं. शब्दागणिक थांबून पाहिलं. ताई कुठे टोकेल याचा अंदाज बांधून तिथे थांबून पाहिलं. पण ताई टोकायची तिथे ही बोलत असायची आणि ही थांबायची तिथे ताई चकित होऊन गप्प. लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, ताटली, चमचा, आईचा ओरडा. ताई म्हणाली, हे तुम्हाला टिंबने सांगितलं असेल. पेटी बंद करून आपल्या साध्या सेटवर टिंब पुन्हा खरी टिंब झाली, तर पलीकडे, कोणी आहे का? कोणी आहे का?

वाल्व्हवाल्याने पेटी उघडून पाहिली. "जलद रिले बसवला तर हीसुद्धा फटीतून ऐकेल. दोन तासांचं काम."

"मग बसवा ना."

त्याने चष्मा काढला. "तोच भाग मिळत नाही हो. बनवणारे बंद झाले. मी चार वर्षं शोधतोय."

"आणि तो नवा? तो फटीतून ऐकतो?"

"ऐकतो. पण गेल्या सोमवारी विकला गेला. दुसरा मागवला तर जहाजाने, चार-पाच महिने." थोडं थांबून तो म्हणाला, "मागवू?"

टिंबने भाच्याला फोन केला. त्याने चार महिन्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, चार महिन्यांचं मी काही सांगू शकत नाही. काल ती मलाच म्हणाली, तुमची आई वाट बघत असेल, घरी जा."

टिंबने तरी वाल्व्हवाल्याला मागवा म्हणून सांगितलं. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या पैशांचं नवऱ्याने विचारलं नाही. घरी येताना तिचा हात धरून तो जिना एकेक पायरी चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आधी साध्या सेटवर पाठवलं, ताई, टिंब. ताई पलीकडे घरघरीत हाका मारत राहिली. मग तिने पेटीचं बटण दाबलं, तीन मिनिटं थांबली, आणि फक्त एवढंच पाठवलं, नमस्कार.

आलात? ताई म्हणाली. तुमचं छान ऐकू येतं. एक काम होतं.

सांगा.

माझी धाकटी बहीण आहे. टिंब म्हणतात तिला. रोज यायची, आता येत नाही. तुमचा आवाज लांब जातो. कुठे भेटली तर सांगाल का, मी सात वाजता असते म्हणून? रागावले नाही म्हणावं.

नवरा दारात चहा घेऊन उभा होता. त्याला मोर्सचं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने कप टेबलावर ठेवला आणि तिच्या पाठीमागे उभा राहिला.

टिंबने खटक्यावर बोट ठेवलं. 'सांगते' हा एकच शब्द पाठवायला तिने बराच वेळ घेतला. एकेक अक्षर पाठवायचं, हात उचलायचा, रिले उलटेपर्यंत थांबायचं, कान द्यायचा. मध्ये कुठे टक् होतंय का. प्रत्येक अक्षरानंतर नुसती शांतता होती.

पलीकडे ताई अदबीने ऐकून घेत होती. परक्या माणसाला बोलताना मध्ये टोकायची तिची रीत नव्हती.