सोवळ्याचं घर

गोदूबाईने चटईचा कोपरा उचलला आणि खालच्या जमिनीवरून बोट फिरवलं. सारवण ताजं होतं, ओल नव्हती. बोट तिने नाकाशीही नेऊन पाहिलं. मग उठून कोनाड्यातल्या घागरीवरचं झाकण सरकवायला हात पुढे केला, तशी मागून सखुबाई हलक्या आवाजात म्हणाल्या,

"तिला नको हो हात लावू. आगगाडीतून आलीस ना? ते सोवळ्यातलं पाणी."

गोदूबाईने हात मागे घेतला. तिला उलट बरंच वाटलं.

ठाण्याच्या तळ्यापलीकडे हे घर कुणा दात्याने बांधून दिलं होतं, पाठीशी कुणी नसलेल्या ब्राह्मण विधवांसाठी. ते सांभाळणाऱ्या सखुबाई स्वतः त्यांतल्याच. डोईवरून लाल आलवण घट्ट ओढलेलं, बोलणं मऊ, चालताना पावलाचा आवाज नाही. माजघरात भिंतींना लागून म्हाताऱ्या पडून होत्या. कुणाची नखं वाढलेली नव्हती. कुठे घाण वास नव्हता. ज्यांचे हात चालत होते त्या वाती वळत होत्या. रडणं नाही, कण्हणं नाही.

"माझी आई फार कडक आहे हो," गोदूबाई म्हणाली. "सोवळ्यातल्या हातचं नसेल तर पाणीसुद्धा घेत नाही. डावं अंग वाऱ्याने गेलं तरी नेम सुटला नाही."

"मग योग्य जागी आलीस. इथे नेम मोडत नाही. मी मोडू देत नाही."

गोदूबाईने मनातल्या मनात हात जोडले. गेल्या साली तापाच्या साथीत भाऊ आणि भावजय पाठोपाठ गेली, आणि आईला, ठमाबाईंना, कल्याणला लेकीच्या सासरी, मागच्या पडवीत आणावं लागलं. सासूबाई थेट काही बोलत नसत. तुळशीला पाणी घालताना तुळशीलाच विचारत, "लेकीच्या घरी आई किती दिवस राहते, सांगेल का बाई मला कुणी?" नवऱ्याने पंचांगातून मान वर न काढता सांगितलं होतं, "मधू कचेरीत जातोच आहे. त्याच्याबरोबर ते ठाण्याचं घर पाहून ये. या महिन्यात काय ते होऊन जाऊ दे." निघताना आई एवढंच म्हणाली होती, "सोवळं बघून ये हो. बाकी कसं का असेना."

कोपऱ्यातल्या एका म्हातारीचा पाय अंगाखाली दुमडला होता. तिने गोदूबाईकडे पाहिलं, पण मागितलं काही नाही. पोटरी काळीनिळी पडत चालली होती. गोदूबाईचे हात सवयीनेच पुढे झाले. ती वाकली.

"शिवू नकोस!"

तीन-चार आवाज एकदम आले. त्यांत त्या म्हातारीचाही होता.

"शिवू नकोस गं बाई," ती म्हणाली. "मला परत न्हायला लागेल. गार पाण्याने."

गोदूबाई वाकलेली तशीच राहिली.

"पहाटे मी आणि स्वयंपाकीणबाई मिळून सगळ्यांना न्हाऊ घालतो," सखुबाईंनी समजावलं. "कुशीवर निजवून ठेवतो. मग दिवेलागणीपर्यंत कुणी कुणाला शिवत नाही. दिवे लागले की सोवळं सोडतो, तेव्हा कूस बदलतो."

"सबंध दिवस त्याच कुशीवर?"

"नामस्मरणात जातो गं दिवस."

"आणि मध्येच… कुणाला काही झालं तर?"

"मग बाटलंच ना सगळं! सगळ्यांना पुन्हा आंघोळ. म्हणून सकाळी पाणी बेताचंच देतो. पहिले थोडे दिवस जड जातं, मग धरून ठेवायची सवय होते." मग त्यांनी जरा जवळ येऊन, अंतर राखून विचारलं, "तुझ्या मनासारखंच आहे ना सगळं?"

त्यांच्या चेहऱ्यावर खोट नव्हती. खरोखरीची माया होती. गोदूबाईने भिंतीकडे पाहून नमस्कार केला. भिंतीवर देवाची तसबीर होती, ते तिला नंतर दिसलं.

पुरुषांना आत मज्जाव, म्हणून तिचा दीर मधू बाहेर ओट्यावर बसून होता. तिला पाहून तो उठला.

"काय वहिनी, झाली परीक्षा? पास की नापास?"

ती ओट्याची पायरी उतरून चालू लागली.

"घाण आहे?"

"नाही हो, भाऊजी. आरशासारखं आहे."

"जेवणाचे हाल?"

"तेही नाही."

"मारतात बिरतात?"

"हातसुद्धा लावत नाहीत," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसल्यासारखं करून डोळे पुसले.

मधूने टोपी काढून पुन्हा घातली. "दुसरं घर म्हणजे मिशनच्या मडमांचं. तिथे सगळेच हात लावतात. पण एकदा तिथे ठेवलं, की मग आपण कुणी लावायचा नाही." टोपी सारखी करत त्याने विचारलं, "मग दादाला काय सांगू?"

"सांगा, चांगलं आहे म्हणून."

कल्याणला पोचेपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं, की आईला एवढंच सांगायचं.

पडवीत पणती लागली होती. ठमाबाई उजव्या कुशीवर, सकाळी ठेवल्या तशाच होत्या. सासूबाई दिवसभर मागे फिरकल्या नसाव्यात. गोदूबाईने कपडे बदलले, तेलाची वाटी घेतली आणि त्यांना हलकेच पाठीवर वळवलं. एरवी असं वळवताना त्या चिडत. "बाटवलंस मला" म्हणून भांडत. आज बोलल्या नाहीत.

"आहे का सोवळं?" जड जिभेने त्यांनी विचारलं.

"आहे."

"कसं?"

"कडक आहे, आई."

"कडक म्हणजे कसं, ते सांग की."

पुढचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आयुष्यात ती आईशी कधी खोटं बोलली नव्हती आणि आताही जमेना. तेल चोळता चोळता तिने सगळं सांगितलं. पहाटेची आंघोळ, दिवेलागण, बेताचं पाणी. त्या दुमडलेल्या पायाचंसुद्धा. ठमाबाई आढ्याकडे पाहत ऐकत होत्या. आतून सासूबाईंनी भांडी जरा जोरात मांडली.

"चांगलं आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्या मनासारखं आहे. तुझ्या सासूला सांग, पुढल्या सोमवारी जाईन."

"आई…"

"जाईन म्हटलं ना."

गोदूबाईने मान खाली घालून दुसऱ्या पायाला तेल लावायला घेतलं. तो गेलेल्या बाजूचा. त्याला काही कळत नसे, तरी ती रोज लावत असे.

"गोदू."

"हं?"

"त्या दिवशी पहाटे मला न्हाऊ घालून सोवळ्यात ठेवू नकोस हो." ठमाबाईंनी चांगला हात चाचपत लेकीच्या मांडीवर आणून ठेवला. "घालतील की त्या, तिथे गेल्यावर."