वहीत न आलेले घास

बेकरीतले सगळे त्यांना उस्ताद म्हणत. सव्वीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस. केकच्या मिश्रणात बोट बुडवून जिभेला लावलं, की साखर चिमूटभर कमी पडली आहे की जास्त झाली आहे, ते डोळे मिटून सांगायचे. पोट चांगलंच सुटलेलं होतं, पण त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. बेकरीवाल्याचं पोट म्हणजे दुकानाची पाटी, असं ते हसत हसत म्हणायचे.

मोठ्या डॉक्टरांनी एका दुपारी तपासणीचा कागद पुढे सरकवला आणि ते हसणं थांबलं.

उस्तादांना एकुलती एक लेक. तेवीस वर्षांची, नकाशे काढायच्या कचेरीत कामाला. लहानपणी बिस्किटं उशीखाली दडवून ठेवायची, म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं ते पडलंच. दोन वर्षांपूर्वी तिचं शरीर तिच्याच लिव्हरवर उलटलं. औषधं झाली, पथ्यं झाली. डोळे पिवळे पडले, पोटात पाणी भरायला लागलं, पाय सुजले. आता दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आईचा रक्तगट जुळला नाही. वडिलांचा जुळला, आणि उस्तादांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. पण कागदावर होतं, की त्यांच्या लिव्हरमध्ये तीस टक्के चरबी आहे. दहाच्या खाली आल्याशिवाय तुकडा काढता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, लेकीकडे दोन महिने आहेत, फार तर अडीच.

त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवण्यात आलं. बाई बारीक चणीच्या, बोलायला सडेतोड. भिंतीवर ताटाचं मोठं चित्र होतं: अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं, पाव ताटात धान्य, उरलेल्या पावात डाळ, अंडं नाहीतर मासा. खाली लिहिलं होतं, दिवसाला साखर सहा लहान चमचे, मीठ एक चमचा, तेल बेताचं. बाईंनी एक वही दिली आणि सांगितलं, की तोंडात जाईल ते सगळं लिहायचं आणि रोज या चित्राशी ताडून पाहायचं.

उस्तादांनी त्या दिवसापासून मनावर घेतलं. सकाळी एक पाव आणि अंडं, दुपारी भाजी आणि डाळ, संध्याकाळी सूप. चित्राशी ताडून पाहिलं तर सगळं जिथल्या तिथे. बायकोला म्हणाले, मी तर मुळात चिमणीएवढंच खातो, हे लिव्हर असं का वागतंय कळत नाही. महिनाभर वही कशी स्वच्छ होती. महिन्यानंतरच्या तपासणीत चरबी निघाली अठ्ठावीस टक्के.

बाईंनी वही चाळली, अहवाल पाहिला, आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"वही पास झाली, लिव्हर नापास झालं," त्या म्हणाल्या. "आता सकाळी कामावर पाय ठेवल्यापासून काय काय करता, ते सांगा."

उस्ताद सांगू लागले. पहिल्या घाण्याचं मिश्रण चाखायचं. मग क्रीम, तीन प्रकारचं. केकच्या कापलेल्या कडा, कोरड्या झाल्यात की ओल्या ते बघायला. बिस्किटांच्या प्रत्येक ट्रेमधलं एक. मोडलेली असतात ती टाकवत नाहीत. आणि चहा. भट्टीजवळ घसा सुकतो, सहा-सात कप होतातच.

"हे वहीत नाही."

"ते खाणं नाही हो, काम आहे. चव घेतो नुसती."

"लिव्हरला काय ठाऊक, ते काम आहे म्हणून?"

टेबलावर साखरेची बरणी होती. बाईंनी एक वाटी पुढे केली आणि सांगितलं, दिवसभरात चाखण्यातून आणि चहातून किती साखर जाते ती तुम्हीच मोजून घाला. तुमच्याइतका अंदाज कुणाला असणार. उस्तादांनी चमचा घेतला. मिश्रणाचे दोन, क्रीमचे पाच, बिस्किटांचे सात, कडांचे तीन, चहाचे चौदा. एकतीस चमचे. वाटी भरून वर ढीग झाला. चित्रात लिहिले होते सहा.

त्यांनी चमचा खाली ठेवला. बाहेर बाकावर लेक सुजलेले पाय पुढे करून बसली होती. तिच्या दोन महिन्यांतला एक महिना बाप चाटूनपुसून बसला होता.

त्यानंतर उस्तादांनी जे केलं ते कुणाला विचारून केलं नाही. त्यांनी खाणंच सोडलं. चहा बंद, चाखणं बंद, डबा तसाच्या तसा कचऱ्यात. वहीत मात्र पाव, अंडं, भाजी, डाळ नेमाने चढत राहिली. वजन भराभर उतरू लागलं तसा त्यांना हुरूप आला. नवव्या दिवशी भट्टीसमोर डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तोल सावरायला धरला तो नेमका तापलेला ट्रे. तळहात भाजला. रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे आधीपेक्षा बिघडलेले. बाई संतापल्या. उपाशी राहिलं की शरीर अंगावरची चरबी उपसून लिव्हरमध्येच आणून ओततं, हे त्यांनी तीनतीनदा समजावलं. डॉक्टर म्हणाले, आता आणखी तीन आठवडे तरी शस्त्रक्रिया नाही.

घरी बायको भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा घासत राहिली. शेवटी खारू वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी आली.

"आधी खाल्लेलं लपवलंत, मग न खाल्लेलं लपवलंत," ती म्हणाली. "बाबा, माझ्याकडे दिवस किती उरलेत ते तुम्हाला माहीत आहे. मग खोटं कशाला?"

उस्ताद बँडेज बांधलेल्या हाताकडे बघत बसले. "भीती वाटली. माझ्यामुळे अडलं तर तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने बसू?"

"तोंडाचं सोडा. तोंडात काय जातं ते सांगा."

तिला स्वतःलाच हसू आलं, आणि हसताना पोट दुखलं म्हणून ती वाकली. त्या दिवसापासून वही तिच्या ताब्यात गेली. नकाशावर लिहावं तशा बारीक अक्षरात ती लिहायची. स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर आला. एका बाजूला तिचं बिनमिठाचं ताट आणि मोजून दिलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला बापाचं तोललेलं ताट. एक घास जास्त नाही, एक घास कमी नाही. कमी खायलाही परवानगी लागायची.

उस्ताद मालकाकडे गेले आणि म्हणाले, मला पॅकिंगला बसवा. मालक हबकलेच. तुमच्या जिभेवर दुकान चालतं, म्हणाले. उस्तादांनी ऐकलं नाही. ते मागच्या खोलीत खोक्यांना चिकटपट्टी लावू लागले. क्रीमचं काम करणारी बाई सवयीने चमचा घेऊन आली, की ते दोन्ही हात मागे बांधून उभे राहत. एका दुपारी मोडकं बिस्किट हातात कधी आलं आणि तोंडात कधी गेलं, त्यांनाच कळलं नाही. धावत जाऊन ते थुंकले, चूळ भरली आणि संध्याकाळी लेकीला सांगून टाकलं. तिने लिहिलं: अर्धं बिस्किट, थुंकलं.

तीन आठवड्यांनी चरबी नऊ टक्क्यांवर आली. डॉक्टरांनी तारीख दिली. बायकोने कित्येक दिवसांनी खिडक्या उघडल्या.

तारखेच्या आदल्या दिवशी खारूला थंडी वाजून ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. तिला हलवून अतिदक्षता विभागात नेलं. ताप उतरेपर्यंत शस्त्रक्रिया करता येणार नव्हती, आणि उतरेल की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

अकरा दिवस उस्ताद रुग्णालयाच्या कँटीनमध्ये तोललेलं ताट घेऊन बसले. घशाखाली घास उतरत नव्हता आणि घास कमी करायची सोय नव्हती. इकडे चार दिवस उपास पडला, तर केलेलं सगळं पाण्यात. आजूबाजूची माणसं मोठमोठ्याने जेवत, बोलत. हे उकडलेल्या भाजीचा एकेक तुकडा चावत आणि मनातल्या मनात लेकीचा ताप मोजत. कधीकधी वाटे, ती वर श्वासाला धडपडते आहे आणि मी इथे गाजर खातो आहे. तरीही खात.

बाराव्या दिवशी ताप उतरला. त्याच दुपारी डॉक्टरांनी दोघांनाही आत घेतलं. थांबायला आता सवडच नव्हती.

उस्ताद शुद्धीवर आले तेव्हा बायको शेजारी होती. तिने सांगितलं, तुकडा बसला आहे, काम करू लागला आहे, पण लेक अजून यंत्रावर आहे. पहिले दहा दिवस निभावले तर पुढचं बघायचं. दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई नवा कागद घेऊन आल्या. आता अंडी दुप्पट, दूध, डाळ, दर दोन तासांनी काहीतरी. उरलेल्या लिव्हरला वाढायचं होतं. उस्तादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती डोळे उघडेपर्यंत मी तोंड उघडणार नाही, म्हणाले. बाई समजावून थकल्या. बायकोने वाटी तीनदा आणली आणि तीनदा परत नेली.

चौथ्यांदा ती वाटी घेऊन उभीच राहिली.

"अहो, एकीसाठी मी काचेबाहेर उभी असते. दुसऱ्यासाठी कुठे उभी राहू?"

उस्तादांनी मान वळवली. गेल्या अडीच महिन्यांत त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. तिच्या गालांची हाडं वर आली होती. तिच्या ताटात काय असतं, हे या घरात कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

"तू काय खाल्लंस आज?" त्यांनी विचारलं.

तिला आठवेना.

त्यांनी तिला खाटेवर बसवलं. डाळीच्या पाण्याचा पहिला चमचा तिला पाजला, दुसरा स्वतः घेतला. टाके ओढत होते, प्रत्येक घोटाला कळ येत होती. वाटी संपायला पाऊण तास लागला.

पाचव्या दिवशी खारूने डोळे उघडले. नळीमुळे तिला बोलता येत नव्हतं. उस्तादांना चाकांच्या खुर्चीतून काचेपाशी नेलं, तर तिने नुसती बोटं हलवली. डॉक्टर म्हणाले, अजून आपण धोक्यातून बाहेर पडलेलो नाही. उस्तादांनी मान डोलावली, आणि बायकोला घेऊन ते कँटीनकडे निघाले. दोन तास होत आले होते.