फुलामागची यूएसबी

थांबा, आईंचा पेन ड्राइव्ह तेवढा नीट बसू द्या, मग बोलते. हं, बसला.

मी या कॉम्प्युटरच्या पुढच्या यूएसबीची वायर. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला जी दोन चपटी भोकं दिसतात, ती माझी तोंडं. तिथून मी आत शिरते, पंख्याच्या कडेने वळते आणि माझं दुसरं टोक मदरबोर्डवर जाऊन बसतं. हे 'जाऊन बसतं' म्हणताना अजून माझ्या अंगावर काटा येतो, कारण कितीतरी वर्षं ते टोक कुठेच बसलेलं नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही शेकडो बहिणी एकाच रिळावरून उतरलो आणि प्रत्येकीच्या टोकाला एकेक काळी टोपी चढली. त्या टोपीत दहा भोकांची जागा. नऊ उघडी आणि टोकाचं एक मुद्दाम बुजवलेलं. मदरबोर्डवर जिथे नऊ पिना उभ्या असतात आणि नेमकी तीच टोकाची पिन नसते, ती माझी जागा. दुसरीकडे मी बसत नाही, कुणी कितीही जोर लावला तरी. असा माझा स्वभावच आहे.

या घरात मला मामांनी आणलं. मामा म्हणजे आईंचे धाकटे भाऊ. आई घरीच मशीनवर भरतकाम करतात. गणवेशाचे बिल्ले, उशांचे अभ्रे, बाळांची टोपडी, काय काय. डिझाइन कॉम्प्युटरवर करायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि तो पेन ड्राइव्ह मशीनला लावायचा, अशी त्यांची रीत.

"तयार कॉम्प्युटर कशाला घेतेस, ताई? मी जोडून देतो की," असं म्हणून मामा सुटे भाग घेऊन आले आणि फरशीवर फतकल मारून बसले. दुपारपर्यंत सगळं जागेवर गेलं, राहिले फक्त मी. मला केवढा आनंद झाला होता. आता माझी पाळी.

पण मामांनी मला टेकवलं ते आवाजाच्या वायरच्या जागेवर. तिथेही पिना नऊच, फक्त गळलेली पिन टोकाची नाही, तिच्या शेजारची. माझं बुजलेलं भोक एका पिनेवर आपटलं. मामांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मी हटून बसले.

"काय झालं रे?" आईंनी विचारलं.

"काही नाही. ही पुढची यूएसबी शोभेची असते गं. कामाची मागे."

झालं. मला गुंडाळलं, प्लास्टिकच्या पट्टीने आवळलं आणि कोपऱ्यात कोंबलं. आईंचा भावावर भारी विश्वास. त्यांनी कॅबिनेटवर घालायला कापडी आच्छादन शिवलं आणि माझ्या तोंडांवर बरोबर येईल असं एक पिवळं फूल भरलं. फूल देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पण मला त्याची फक्त उलटी बाजू दिसायची, सगळ्या गाठी आणि लोंबते दोरे.

दिवस चालले होते. मागच्या यूएसबीवर सगळ्यांचं भागत होतं. मग घरात नवं, मोठं मशीन आलं आणि खोलीचं गणितच बिघडलं. मशीन बसवायला टेबल सरकलं आणि कॉम्प्युटर भिंत आणि कपाटाच्या बेचक्यात गेला. पेन ड्राइव्ह लावायचा तर अख्खं कॅबिनेट पुढे ओढायचं, वाकून मागे हात घालायचा, चाचपडायचं. आईंचा गुडघा आधीच कुरकुरणारा. मुलाने एक लांब जोडवायर आणून दिली, ती आठवड्याभरात खुर्चीच्या चाकाखाली चिरडली.

मुलगा आणि सून सकाळी कामावर जात. मग तयार डिझाइन इकडे, रिकामं मशीन दोन हातांवर तिकडे आणि मधे हात चोळत बसलेल्या आई. संध्याकाळी कुणी आलं की काम पुढे सरकायचं. एकदा त्यांनी स्वतःच कॅबिनेट ओढलं आणि त्यानंतर त्यांना भिंतीला धरून चालावं लागलं.

"आई, बास कर आता," मुलगा म्हणाला. "मशीन देऊन टाकू कुणाला तरी. तू आराम कर."

दोऱ्यांचा डबा उघडाच होता, त्याचं झाकण आईंनी लावलं. त्या झाकणाचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला.

सुट्टीच्या दिवशी सून कॅबिनेट पुढे ओढायला बसली. धूळ झटकायला म्हणून तिने आच्छादन वर केलं आणि माझ्या तोंडावर उजेड पडला.

"आई, पेन ड्राइव्ह इथेच का नाही लावत तुम्ही?"

"त्या शोभेच्या आहेत."

"कोण म्हणालं?"

"तुझे मामेसासरे. त्यांनीच तर जोडलाय हा."

सून हसली. "शोभेची यूएसबी मी पहिल्यांदाच ऐकतेय. उघडून बघू?"

"आणि बिघडलं म्हणजे?"

"मशीन तर तुम्ही देऊनच टाकणार आहात. मग बिघडण्याला कशाला भ्यायचं?"

आईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मशीनच्या खणातला स्क्रू-ड्रायव्हर काढून तिच्या हातात ठेवला.

भिंतीतला प्लग काढला. बाजूची पाटी निघाली. आईंनी दोरे कापायच्या कात्रीने माझी पट्टी कापली आणि मी अशी अंग ताणून मोकळी झाले म्हणून सांगू. सुनेने मोबाइलचा उजेड पाडला, मला उचललं आणि अगदी मामांसारखंच त्याच चुकीच्या जागी टेकवायला निघाली. माझा जीव टांगणीला.

"थांब गं," आई म्हणाल्या. त्या चष्मा पुसून जवळ आल्या. कापडावरचा सुटलेला टाका शोधावा तशा त्या पिनांकडे बघत होत्या. "इथला आतला टाका सुटलाय. आणि हिचा बुजलाय तो टोकाचा. हे जुळायचं नाही." त्यांचं बोट हळूहळू खाली सरकलं. "ही बघ. इथे टोकाचाच सुटलाय."

सुनेने फुंकर मारली. धुळीखालून बारीक अक्षरं वर आली, यूएसबी.

"आई, मामांना तुम्ही शिकवायला हवं होतं."

"तो लहानपणापासून कुणाचं ऐकतो का?"

तिने मला सरळ धरून हलकेच दाबलं. जोर लागलाच नाही. नऊच्या नऊ पिना माझ्यात शिरल्या आणि मी पहिल्यांदा घरी पोचले.

कॉम्प्युटर चालू झाला. अंगातून वीज धावणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. आईंनी खुर्चीवर बसूनच पेन ड्राइव्ह माझ्या तोंडाशी आणला. जाईना. पुन्हा लावला. तरी जाईना. आईंचा चेहरा उतरला.

"राहू दे गं. शोभेचीच असेल."

"आई, उलटा धरा."

उलटा धरला आणि तो आत गेला. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकला. पडद्यावर आईंची सगळी डिझाइनं ओळीने उभी राहिली. मग आईंनी पेन ड्राइव्ह काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला. कामच नव्हतं काही, उगीच.

संध्याकाळी त्यांनी मामांना फोन केला. "अरे, तुझी शोभा चालू झाली."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," मामा म्हणाले, "वायर चांगली आहे."

मुलगा बाहेरून आला, तो जिन्यातच मशीनचा खडखडाट ऐकून थांबला. आत येऊन त्याने आईकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि विचारलं, "चहा टाकू का तुला?" मशीन देऊन टाकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आता दिवसभर घरात आई आणि मी. कुणाला हाक मारावी लागत नाही. तुमच्याही घरी एखादी वायर अशीच बांधून पडली असेल. ती बसली नाही म्हणून तिला निकामी ठरवू नका. तिची जागा शेजारीच असेल, जरा वाकून बघा.

आच्छादन अजून आहे. फक्त आईंनी त्या पिवळ्या फुलाच्या मधोमध कात्री घातली आणि कडेने बारीक काजाचे टाके घालून घेतले. आता मी फुलातून बाहेर बघते.