ब्लँकमधलं शिसं

"ब्लँकमध्ये, म्हणजे कोऱ्या नमुन्यात, परत शिसं," साहेबांनी कागद प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलीपुढे ठेवला. "राख न घालता नुसतं ॲसिड उकळलंत ना? मग हे आलं कुठून?"

तिने कागद उचलून पुन्हा वाचला. पलीकडच्या ओट्यावर ताई भट्टीतली राख तोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला सांगा?

कारखान्यांच्या राखेतलं शिसं, कॅडमियम मोजायचं यंत्र इतकी वर्षं ताईंच्या हातात होतं. राख विटांसाठी द्यायची की नाही, ते त्यांच्या आकड्यावर ठरायचं. मग ही नवी आली, आणि साहेबांना दुसरं कुणी दिसेना. आता यंत्रही तिच्याच हवाली करायचं चाललं होतं. ताईंच्या पोटात दुखायला लागलं. नवीचं हसणं सलायचं, तिचे काळेभोर केसही सलायचे. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी केस हळूहळू काळे करणारं पाणी विकत आणलं.

"आता या वयात कुणाला दाखवायचंय?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्हाला तर नक्कीच नाही."

स्वतःच्या कामात ताई चोख. केस झाकणारी टोपी घातल्याशिवाय बीकरला हात लावायच्या नाहीत. पण नवी ॲसिड ओतायला लागली की यांना राहवायचं नाही. टोपी काढून, चहाला निघाल्यासारखं दाखवत तिच्या ओट्याशी जायच्या आणि बीकरवर वाकून बघायच्या. बाई कुठे चुकते का?

"बरोबर आहे ना, ताई?"

"मला काय विचारतेस? हुशार तू."

कागद पुढे ठेवला त्या दिवशी साहेब स्पष्टच म्हणाले, "उद्याही असंच आलं, तर यंत्र ताईंकडेच राहील." नवी बीकर घासत राहिली. बोटं लालबुंद झाली होती तिची. ताई गुणगुणत घरी गेल्या.

घरी मुलीने उशीचा अभ्रा पुढे धरला. "आई, काय लावतेस गं डोक्याला? बघ, कसे डाग पडलेत."

डाग कशाने जातील ते बघायला ताईंनी बाटली उचलली. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचत गेल्या. पाणी, ग्लिसरीन, लेड ॲसिटेट. लेड म्हणजे शिसं. ताईंनी केसांतून हात फिरवला आणि बोटं निरखली.

"काय झालं गं?"

"काही नाही. जा तू."

कुणाला कळणार होतं? उद्या एकदाच वाकायचं, की यंत्र आपलं. बास, एकदाच. रात्रभर त्या हेच घोळवत होत्या.

सकाळी नवीने ॲसिडची बाटली उचलली. ताई टोपी काढून निघाल्याच होत्या. नवीने वळून पाहिलं.

"ताई, आज जवळच उभ्या राहाल का? तुम्ही असलात की धीर येतो."

ताई जागच्या जागी थांबल्या. साहेब दारातच उभे होते.

"नको गं," त्या म्हणाल्या. "मी वाकते म्हणूनच तुझ्या ब्लँकमध्ये शिसं येतं. माझ्या केसांच्या रंगात आहे ते. तू धुतलेलं सगळं स्वच्छच असतं."

साहेब दारातून आत आले. नवीने हातातली बाटली खाली ठेवली. ताईंचे कान तापले होते, पण मागे फिरायची सोय नव्हती.

दुपारी ब्लँकमध्ये शिसं शून्य आलं. साहेबांनी यंत्राच्या खोलीची किल्ली नवीला दिली.

चार वाजता ताई राखेचे नमुने घेऊन त्या खोलीपाशी गेल्या. दार सताड उघडं होतं. तरी त्या बाहेरच थांबल्या.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.